ऐकाकीचा पत्ता

पहिला फोन सकाळी साडेआठला आला, तेव्हा ताई रेकॉर्डिंगच्या खोलीत होती. खोली म्हणजे घरातली अडगळीचीच. भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या, एक स्टूल, एक टेबल आणि मायक्रोफोन. ताई छापखान्यात मुद्रितं तपासायची. तीस वर्षं लोकांच्या चुका काढून तिची नजर बारीक आणि स्वभाव करडा झाला होता. कामावर जाण्याआधी रोज तासभर ती इथं बसून पुस्तकं मोठ्यानं वाचायची, आणि दृष्टी नसलेली एकशे अठरा माणसं ते वाचन आपापल्या घरी ऐकायची.

हे सगळं उभं केलं होतं तिच्या भावानं. घरात त्याला धाकटा म्हणत; पन्नाशीला टेकला तरी धाकटाच. वाचलेली पुस्तकं साठवायला त्यानं आपल्या खोलीत एक सर्व्हर बसवला होता आणि ऐकणाऱ्यांसाठी स्वतःच्या हातानं डबे बनवले होते. एक स्पीकर आणि फोनला असतात तशी बटणं, एवढाच डबा. बटण दाबलं की तो इंटरनेटवरून सर्व्हरला शोधून काढायचा आणि पुस्तक सुरू व्हायचं. या उद्योगाला त्यानं नाव दिलं होतं 'ऐकाकी'.

ताईनं तेव्हाच हरकत घेतली होती. "अरे, लोक एकाकी वाचतील."

"वाचणारे काय वाटेल ते वाचू देत," तो म्हणाला होता. "आपले लोक ऐकणारे आहेत. ऐका की!"

आठ महिन्यांपूर्वी धाकटा गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि दोन तासांत सगळं संपलं. सर्व्हर मात्र चालू राहिला. नवं वाचन कुठल्या फोल्डरमध्ये टाकायचं एवढंच ताईला येत होतं. बाकी सगळं त्याचं तो बघायचा, आणि तो गेल्यावरही ते चालत राहिलं म्हणून तिनं कशाला हात लावला नव्हता.

फोन गाणं शिकवणाऱ्या एका मास्तरांचा होता. "ताई, डबा आज भलतंच बोलतोय. थांबा, ऐकवतो."

त्यांनी फोन डब्याजवळ धरला. बटण दाबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ धाकट्याचा आवाज आला. "पत्ता सापडत नाही. थोड्या वेळानं पुन्हा बघा."

डब्यातल्या सूचना त्यानं स्वतःच्या आवाजात भरल्या होत्या, हे ताई साफ विसरली होती. तिनं स्टुलाची कड धरली.

"ताई, आहात ना?"

"आहे. परत एकदा लावा."

मास्तरांनी परत लावलं. या वेळी तिनं नीट ऐकलं, शब्द न् शब्द. मग पदरानं तोंड पुसून विचारलं, "कालपर्यंत चालू होतं?"

"काल संध्याकाळी पंधरावं प्रकरण अर्धं ऐकून झोपलो."

दुपारपर्यंत असे चौदा फोन आले. ताईनं छापखान्याला कळवलं की आज येत नाही, आणि धाकट्याच्या खोलीत गेली. टेबलाखाली सर्व्हर घुमत होता. हिरवा दिवा नेहमीसारखा लुकलुकत होता. तिनं इंटरनेटच्या कंपनीला फोन केला, आणि तीन वाजता त्यांचा लाइनमन आला. त्यानं वायर काढली, घातली, आपल्या लॅपटॉपवर काहीतरी बघितलं.

"लाइन ठणठणीत आहे. तुमचा सर्व्हरही ठणठणीत."

"मग लोकांना सापडत का नाही?"

"ते मी कसं सांगणार? माझं काम भिंतीपर्यंत." आणि पिशवी उचलून तो गेला.

संध्याकाळी ऑपरेटरकाकांचा फोन आला. काका दुसऱ्या गावात राहायचे. जन्मापासून दृष्टी नव्हती. पस्तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती आणि निवृत्त झाल्यावर बोलणारा कॉम्प्युटर घेऊन त्यातलं सगळं शिकून घेतलं होतं. धाकट्याशी त्यांचे तासन् तास फोन चालायचे.

"ताई, सर्व्हर चालू आहे?"

"लाइनमन म्हणतो ठणठणीत आहे. सगळं ठणठणीत आहे आणि एकालाही ऐकू येत नाही."

"बरोबर आहे. डब्यात तुमचा पत्ता नाहीच मुळी. डब्यात फक्त नाव आहे, ऐकाकी. आता कॉम्प्युटरला नावाचं काय कौतुक? त्याला लागतो नंबर. तुमच्या सर्व्हरला एक नंबर आहे, माझ्या लाइनीला एक आहे. तर डबा काय करतो, आधी चौकशी करतो, की बाबा, ऐकाकीचा नंबर काय? नावं आणि नंबर सांभाळणारे कॉम्प्युटर वेगळे असतात. ते नंबर सांगतात. मग डबा तो नंबर गाठतो. मीही आयुष्यभर तेच केलं. लोक नाव सांगायचे, मी नंबर सांगायचो."

"मग आता बिघडलं कुठं?"

"आता चौकशीवाले म्हणतायत, या नावाचं इथं कुणी नाही. म्हणजे घर जागेवर आहे, घरात दिवा आहे, पण वहीतून नाव उडालं. नाव कायमचं मिळत नसतं, ताई. दर वर्षी नोंद पुढं चालू ठेवावी लागते. धाकट्यानं शेवटची कधी केली होती?"

ताईनं धाकट्याचे खण उपसले. तिसऱ्या खणात नावाच्या नोंदणीचा कागद सापडला. मुदत काल रात्री संपली होती. आठवणीच्या सूचना आल्याही असतील, पण कागदावर धाकट्याचा जो मेलचा पत्ता होता तो ऐकाकीच्याच नावाचा, आणि तो मेल आठ महिन्यांत कुणी उघडला नव्हता. कंपनी तीस दिवस नाव मालकासाठी राखून ठेवणार होती. त्यानंतर ते कुणीही घेऊ शकणार होतं.

"म्हणजे महिनाभर सगळे गप्प बसणार?" ताईनं विचारलं.

"कशाला? ज्याला नंबर पाठ आहे त्याला चौकशीची काय गरज? डबा बनवला तेव्हा धाकट्यानं तो माझ्याकडून तपासून घेतला होता. चांदणीचं बटण दहा सेकंद दाबून धरलं की नावाऐवजी सरळ नंबर टाकता येतो. हे त्यानं बाकी कुणाला सांगितलं नसेल, पण प्रत्येक डब्यात ती सोय आहे. तुमच्या कनेक्शनचे कागद काढा. चार आकडे असतील, मध्ये टिंबं."

कागद निघाला. ताईनं मुद्रितं वाचून दाखवावीत तसं एकेक सुटं वाचलं. "दोनशे तीन. टिंब. शून्य. टिंब. एकशे तेरा. टिंब. सत्तेचाळीस."

पलीकडं बटणं वाजली. क्षणभर काहीच नाही. मग ताईला फोनमधून तिचाच आवाज ऐकू आला, पंधराव्या प्रकरणाची सुरुवात वाचणारा.

"लागलं," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताईनं छापखान्यातून आठवड्याची रजा घेतली. तिथल्या व्यवस्थापकांना वाटलं, आजारी आहे. "आजारी नाही, काम आहे," एवढंच ती म्हणाली. ऐकणाऱ्यांची यादी टेबलावर ठेवून तिनं लाल पेन्सिल काढली आणि पहिल्या नावापासून सुरुवात केली.

नंबर सांगायला तिला वाटलं होतं त्याहून कमी वेळ लागला. पहिल्या दोघांना तिनं सवयीनं विचारलं, "लिहून घेताय ना?" दुसरा हसून म्हणाला, "ताई, आम्ही कुठं लिहिणार? सांगा, राहील डोक्यात." आणि राहायचा. मालिश करणारे एक गृहस्थ होते, त्यांनी नंबर ऐकल्या ऐकल्या उलटा म्हणून दाखवला. मास्तरांनी त्याला चाल लावली आणि आपल्या ओळखीतल्या अकरा जणांना स्वतःच गाऊन सांगितला, तेवढे ताईचे फोन वाचले.

अडलं ते एका आजींपाशी. त्यांचे हात थरथरायचे, दहा सेकंद बटण धरवेना. "सुनेला सांगते," त्या म्हणाल्या, पण सुनेला वेळ नव्हता. ताईनं दुपारी फोन केला, सूनबाई कामावर. संध्याकाळी केला, स्वयंपाकात. दुसऱ्या दिवशी केला तर सूनबाई म्हणाल्या, "अहो, एका डब्यासाठी किती फोन? त्यांनी नाही ऐकलं दोन दिवस तर काय बिघडतंय?"

"दोन दिवसांनी करते मग," ताई म्हणाली.

"म्हणजे सोडणार नाही तुम्ही."

"नाही."

पलीकडून सुस्कारा आला. "सांगा तो नंबर."

पाचव्या दिवशी यादीतल्या शेवटच्या नावापुढं लाल खूण झाली. ताईनं काकांना कळवलं आणि वर विचारलं, "सगळ्यांचं नंबरावर भागतंय की. मग त्या नावासाठी जीव कशाला आटवायचा?"

"उद्या कंपनीनं तुमचा नंबर बदलला तर? तुम्ही घर बदललंत तर? परत एकशे अठरा फोन. नाव असलं की नंबर शंभर वेळा बदलू दे, वहीत एकदा दुरुस्ती केली की झालं. आणि ताई, ते नाव उद्या दुसऱ्या कुणी घेतलं, तर ज्या डब्यात अजून जुनंच नाव आहे तो डबा मुकाट्यानं त्याच्या दारात जाऊन उभा राहील. तो जे ऐकवेल ते ऐकवेल."

ताईनं नोंदणीचा कागद पुन्हा समोर ओढला. नावाला पहिल्या दिवशी हरकत घेणारी तीच होती. "किती दिवस उरले?" तिनं विचारलं.

"पंचवीस."

तिनं नोंदणीच्या कंपनीला मेल पाठवला, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारस म्हणून आपले कागद. उत्तर आलं, 'प्रिय ग्राहक, कृपया आपली विनंती नोंदणीकृत मेलवरून पाठवावी.' नोंदणीकृत मेल ऐकाकीच्या नावावर होता, आणि ऐकाकी बंद होतं. नाव परत मिळाल्याशिवाय मेल उघडणार नव्हता, मेल उघडल्याशिवाय नाव मिळणार नव्हतं. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशी गत. तिनं हे सविस्तर लिहून पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं, 'प्रिय ग्राहक, कृपया आपली विनंती नोंदणीकृत मेलवरून पाठवावी.' तिसऱ्यांदाही तेच आलं, स्वल्पविरामासकट.

फोन नंबर कुठंच दिलेला नव्हता. काका म्हणाले, "फोन नसलेलं ऑफिस मी अजून बघितलेलं नाही," आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले. त्यांनी कंपनीच्या इमारतीत आणखी कोणकोण आहे ते शोधलं, तळमजल्यावरच्या चष्म्याच्या दुकानात फोन लावला, गोड बोलून पहारेकऱ्याला बोलावून घेतलं, आणि अर्ध्या तासात तिसऱ्या मजल्यावरच्या तक्रार टेबलाचा नंबर मिळवला. पण त्या टेबलावरच्या बाईकडंही नियम तोच होता.

"नियम दाखवा," ताई म्हणाली.

"वेबसाइटवर आहेत, मॅडम. सगळ्यांनी वाचून मान्य केलेले असतात."

ते कुणीच वाचत नाही हे दोघींनाही माहीत होतं. पण न वाचलेलं वाचणं हाच ताईचा धंदा होता. तिनं बावन्न पानं छापून घेतली आणि दोन दिवस पेन्सिल घेऊन ओळीखाली पट्टी धरून वाचली. एकोणीस मुद्रणदोष निघाले. एका पानावर 'ग्राहक' हा शब्द तीन प्रकारांनी लिहिला होता. आणि एक्केचाळिसाव्या पानावर, बारीक टायपात, कलम सदतीस सापडलं. मालक हयात नसल्यास वारसानं दाखला द्यावा आणि ते नाव ज्या मशीनकडं नेत होतं ते मशीन आपल्या ताब्यात असल्याचं दाखवावं; मग नोंदणीकृत मेलची अट लागू नाही.

बाविसाव्या दिवशी ती पहाटेच्या बसनं निघाली. चार तास लागले. चष्म्याच्या दुकानावरून तिसरा मजला, काचेचं दार, आणि टेबलाशी बसलेली ती फोनवरची बाई, तिशीची, समोर अर्धा प्यालेला चहा.

"मॅडम, तुम्हाला फोनवर सांगितलं होतं ना?"

"हो. म्हणून आले." ताईनं कागद पुढं ठेवला. कलमाखाली लाल रेघ होती.

बाईनं वाचलं, पुन्हा वाचलं. "हे मी कधी बघितलेलं नाही."

"एक्केचाळिसाव्या पानापर्यंत कोण येतंय? बाकी मुद्रणदोष समासात दाखवलेत. साहेबांना द्या, पुढच्या आवृत्तीत उपयोगी पडतील."

बाई कागद घेऊन आत गेली. ताई बाकावर बसून राहिली. जेवणाची सुट्टी झाली, संपली. चार वाजता पहारेकऱ्यानं विचारलं, "काम झालं नाही का?"

"होईल," ती म्हणाली. तिच्या पायांना रग लागली होती. शेवटची बस साडेपाचची होती. मनात येऊन गेलं, धाकटा असता तर म्हणाला असता, ताई, सोड ना, नवीन नाव घेऊ. त्याला कुठलीही गोष्ट सोडायला वेळ लागायचा नाही आणि नवी सुरू करायलाही. म्हणूनच घरात अर्धवट यंत्रांचा ढीग होता. ऐकाकी एवढं एकच त्यानं शेवटपर्यंत नेलं होतं.

पाच वाजता बाई बाहेर आली. "साहेब म्हणतात कलम आहे. पण मशीन तुमच्या ताब्यात आहे हे दाखवायचं कसं, ते कुणाला माहीत नाही. आजवर कुणी मागितलंच नव्हतं. मी विचारून कळवते."

"तिसाव्या दिवसाच्या आत?"

"आत कळवते," बाई म्हणाली, आणि या वेळी तिनं आपला स्वतःचा नंबर लिहून दिला.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता तिचा फोन आला. "आमच्या नोंदीत त्या नावापुढं शेवटचा नंबर आहे. मी तुम्हाला एक वाक्य देते. ते तासाभरात त्या नंबरावर दिसलं पाहिजे. मशीन तुमचं असेल तरच तुम्हाला ते तिथं ठेवता येईल."

"मशीनवर लिहिता मला येत नाही. तिथं मी फक्त वाचन ठेवू शकते. चालेल?"

पलीकडं कुजबुज झाली. "चालेल. घ्या वाक्य. सात पिवळ्या छत्र्या गॅलरीत वाळत आहेत."

ताई रजयांच्या खोलीत गेली. दार लावलं, घसा साफ केला आणि वाक्य वाचलं. पहिल्यांदा 'छत्र्या' वर अडखळली, म्हणून पुन्हा वाचलं. फाइल फोल्डरमध्ये टाकली आणि फोन हातात धरून बसली. दहा मिनिटांनी पलीकडून तिचा आवाज ऐकू आला, छत्र्यांसकट. कुणा पुरुषाचा आवाज म्हणाला, "ठीक आहे, करून टाका."

बाई फोनवरच होती. जरा घुटमळून म्हणाली, "मॅडम, तुमच्या सर्व्हरवरच्या यादीत खाली बाकीची पुस्तकं दिसतायत. माझे वडील... त्यांना आता दिसत नाही. असा डबा मिळतो का?"

"धाकट्यानं बनवलेले तीन शिल्लक आहेत. पत्ता सांगा, एक पाठवते," ताई म्हणाली.

संध्याकाळी नोंद झाली, मालक म्हणून ताईचं नाव लागलं. तिनं मेलचा पत्ता या वेळी दुसरीकडचा दिला, आणि पर्यायी माणसाच्या रकान्यात काकांचं नाव घातलं. मग सगळ्यांना निरोप गेला: चांदणी आणि शून्य दाबा, डबा परत नावावर येईल, नाही आला तर अजून नंबरच ठेवा.

पहिल्यांदा मालिशवाल्यांना लागलं, रात्रीच्या जेवणाआधी. मास्तरांना नाही लागलं, आणि ते नाराज झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका गावात दोघांना लागलं, तिसऱ्याला नाही, आणि तिघे एकाच गल्लीतले.

"हे काय नवीन?" ताईनं काकांना विचारलं.

"जागोजागच्या चौकशीवाल्यांनी 'असं कुणी नाही' हे उत्तर आपापल्याकडं टिपून ठेवलंय. ते टिपण शिळं होईपर्यंत परत विचारायला जात नाहीत. प्रत्येकाचं टिपण वेगवेगळ्या वेळी शिळं होतं. धीर धरा."

दोन दिवस ताई यादी घेऊन बसली. फोन यायचा, "आलं," आणि ती खूण करायची. आजींच्या घरून सूनबाईंचा फोन आला. "लागलं हो. आणि त्या विचारतायत, सोळावं प्रकरण कधी?" महिनाभरात ताईनं एक पानही वाचलं नव्हतं. "गुरुवारी," ती म्हणाली.

सगळ्यांत शेवटी लागलं काकांना. "आता एक काम करा," ताई त्यांना म्हणाली. "सर्व्हरमधलं मला सगळं शिकवा. तो कुणाला कसा उत्तर देतो, बंद पडला तर काय करायचं, सगळं."

"सगळं? वर्ष लागेल."

"लागू दे. रविवारी सकाळी वेळ आहे?"

रविवारी ती धाकट्याच्या खुर्चीत बसली. खुर्ची तिला उंच होत होती, म्हणून तिनं ती खाली केली. फोन स्पीकरवर टाकून कीबोर्ड जवळ ओढला. काकांनी पहिली आज्ञा एकेक अक्षर करून सांगितली, तिनं एका बोटानं टाइप केली. पडद्यावर लाल अक्षरांत चूक आली. ताईनं चष्मा वर सरकवला, ओळ पहिल्यापासून तपासली, एक अक्षर खोडलं आणि पुन्हा दाबलं.

"झालं," ती म्हणाली. "पुढची सांगा."